आढीशेजारचा प्रोसेसर

बोटीवरचा माणूस रजेवर आला की पहिले आठ दिवस त्याचं कौतुक असतं. नंतर तो घरात नुसता इकडून तिकडे फिरतो. आमचा नवरा बोटीवर इंजिनिअर आहे. तीन मजली उंचीचं इंजिन सांभाळतो म्हणे, आणि घरी आला की साखरेचा डबा कुठला ते तिसऱ्यांदा विचारतो. त्या वर्षी तो जानेवारीत आला तो चांगला पाच महिन्यांसाठी. आल्याआल्या त्याची नजर पडली माझ्या कॉम्प्युटरवर.

मी घरांची थ्रीडी चित्रं करते. लोक घर बांधायला काढतात आणि पाया खणायच्या आधी त्यांना ते आतूनबाहेरून फिरून बघायचं असतं. तसा तीन मिनिटांचा व्हिडिओ बनवायला माझा कॉम्प्युटर सहा तास घ्यायचा. मी सकाळी लावून द्यायची आणि बाजार, स्वयंपाक उरकायची. माझं काही म्हणजे काही अडलेलं नव्हतं.

"अगो, सहा तास?" तो म्हणाला. "हा प्रोसेसर याहून जोरात चालू शकतो. कंपनीने जरा हात राखून वेग ठेवलेला असतो. आपण थोडा वाढवू. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला."

"तुमच्या बोटीवर करा काय ते."

"अगो, सुरक्षितपणे करू."

ते सुरक्षितपण मी आठ दिवस बघितलं आणि आठ दिवस हसले. आधी माझं सगळं काम वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलं. जुना पंखा उतरवून मुंबईहून मागवलेला भलाथोरला कूलर बसवला. त्याखाली उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावायची ती वाटाण्याएवढीच, जास्त नको, कमी नको. मग वेग एकच पायरी वाढवायचा, प्रोसेसरला घाम फोडणारी चाचणी तासभर लावायची आणि दर पंधरा मिनिटांनी तापमान वहीत लिहायचं. व्होल्टेजला हात नाही. "व्होल्टेज चढवून वेग मारतात ते गाढव," तो म्हणायचा. "ऐंशीच्या वर गेला की आपण एक पायरी खाली. उगाच हाव नको."

मी शेजारच्या वहिनींना सांगायची, "आमच्याकडे पेशंट आहे हो. सारखा ताप बघतात." त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तोही हसायचा.

आठव्या दिवशी सहा तासांचे पाच झाले. तापमान एकाहत्तरवर थांबलं. काही बिघडलं नाही, काही अडकलं नाही. "एका तासासाठी आठ दिवस," मी म्हटलं, "वा! धन्य आहे." तो दुपारभर शीळ घालत होता. इतक्या वर्षांत या घरात त्याने लावलेली आणि रोज वापरात असलेली ती पहिली वस्तू. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी एक 'बरं झालं' माझ्या तोंडून निघालं नाही.

मे महिन्यात मला चिपळूणच्या एका गृहस्थांचं काम आलं. त्यांच्या घरात दोनदा पुराचं पाणी शिरलं होतं. आता चौघं भाऊ उंचावरच्या जागेत चार घरं बांधणार होते. रविवारी सगळे एकत्र बसून व्हिडिओ बघणार आणि चारही घरांच्या चित्रांचं काम कुणाला द्यायचं ते ठरवणार. तोवर मी दुसऱ्यांच्या ऑफिसांसाठी राबत होते. स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम. शनिवारी सकाळी व्हिडिओ लावला. तासाभरात कॉम्प्युटर आपोआप बंद. परत लावला, परत बंद.

माझं डोकं फिरलं. घरात सासूबाई आणि दीर आलेले होते, दोघांच्या देखत मी सुटले. "झालं समाधान? हात दाखवून अवलक्षण! चांगलं चाललेलं बघवत नाही ना तुम्हाला?" तेवढ्यात त्या चिपळूणच्या गृहस्थांचा फोन. त्यांनाही सांगितलं, "आमच्या ह्यांनी बोटीचं इंजिन समजून कॉम्प्युटरला हात लावला हो." ते हसले, मी हसले, दीर हसले. नवरा वही घेऊन तिथेच उभा.

"जानेवारीत एकाहत्तर होतं," तो म्हणाला. "आज त्र्याण्णव. असं व्हायला नको."

"वहीत नको असेल. इथे झालंय."

त्याने मान खाली घालून सगळं कंपनीच्या मूळ वेगावर आणून ठेवलं. "माझंच चुकलं. उन्हाळ्यात परत चाचणी घ्यायला हवी होती," म्हणाला, आणि आईला आणि भावाला गावी सोडायला निघून गेला.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. आता वेग कंपनीचा, त्याच्या कारभाराचा काही संबंध नाही. चाळीस मिनिटांत मेला बंद!

प्लग हलला की काय म्हणून टेबलाखाली वाकले आणि हात पेंढ्यात गेला. पेंढा चांगला गरम होता.

आढी! कच्चे आंबे पेंढ्यात थरावर थर लावून पिकत घालतात ती आढी. ती आतून तापते हे रत्नागिरीत शेंबड्या पोराला ठाऊक. आमच्याकडे ती दरवर्षी मागच्या खोलीत असते. त्या वर्षी मी शहाणीने ती आठवडाभरापूर्वी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली घातली होती, मागून गरम वारा येतो तर दोन दिवस आधी पिकतील म्हणून. वासावर वांदर येतात म्हणून खिडकीही मीच गच्च लावून घेतली होती. कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं तर त्या भल्याथोरल्या कूलरच्या पात्यांत पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या.

काड्या ब्रशने काढल्या. आंबे टोपलीटोपलीने मागच्या खोलीत नेले. खिडकी उघडली. व्हिडिओ सहा तासांत सुरळीत झाला. रविवारी चौघा भावांनी बघितला आणि चारही घरांचं काम मला दिलं.

तो गावाहून परत आला तो दारातूनच विचारत. "चालला?"

"चालला."

"बघ, वेग उतरवला तेच बरं झालं."

"हो," मी म्हटलं.

एवढ्या बडबड्या बाईला तिथे नेमका एकच शब्द सुचला. खरं सांगितलं असतं तर महिनोन्‌महिने केलेली चेष्टा माझ्याच अंगावर आली असती. त्याची भीती वाटली, दुसरं काही नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. सासूबाईंनी बोटीच्या इंजिनाची गोष्ट गावभर केली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कोणीतरी ती काढतं आणि तो सगळ्यांबरोबर हसतो. मला मेलीला अजून लाज वाटते, आणि अजून मी गप्पच आहे.

जूनमध्ये तो बोटीवर गेला. यंदा परत आलाय. साखरेचा डबा विचारत नाही, बिनसाखरेचा चहा घेतो. गॅलरीत पेपर वाचत बसतो. कशालाही हात लावत नाही.

गेल्या आठवड्यात न्हाणीघरातला नळ गळायला लागला. मी भाजी चिरत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, हातात पाना.

"तू म्हणत असशील तर बघू का जरा?" म्हणाला. "नाहीतर राहू दे."

अख्खी बोट चालती ठेवणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातल्या नळासाठी माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा तरी सांगायचं. अगदी ओठांवर आलं होतं.

"नको," मी म्हटलं, "प्लंबरला सांगितलंय."

"बरं," तो म्हणाला, आणि नळाखाली बादली लावून गॅलरीत जाऊन बसला.

प्लंबरला मी काहीएक सांगितलेलं नव्हतं.