गैरहजर नव्हत्या, संपावर होत्या

बोरिवलीच्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळत सपना एम.ए.चा प्रबंध लिहीत होती. विषय होता दहिसरच्या दगडखाणीतल्या बायका. तिची आई मालन तरुणपणी त्याच खाणीवर खडी फोडायची. तिथे बायकांनी एकदा संप केला होता, हे सपना लहानपणापासून ऐकत आली होती.

गुरुवारी दुकान बंद असलं की ती ग्रंथालयात जाऊन संगणकावर शब्द टाकायची. ‘महिला खाणकामगार’. काही नाही. ‘खाणकामगारांचा संप’. काही नाही. इंग्रजीत टाकलं तर भलत्याच कोळशाच्या खाणी आल्या.

मार्गदर्शक सुबोध सर म्हणाले, “साहित्यच नाहीये ना. विषय बदल.”

“माझी आई जिवंत आहे, सर.”

“कागद लागतो, सपना.”

ती तणतणत ग्रंथालयात परतली. ग्रंथपाल जान्हवीताईंनी विचारलं, “खाणीबद्दल तेव्हा लिहिणार कोण?”

“रस्ते बांधणारे साहेब.”

“ते तुझ्या आईला कामगार म्हणतील?”

सपनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेबाला बायकांची पडली नव्हती, दगडाची पडली होती. मग दगडच शोधू! सरकारी इंग्रजीत खडीला ‘रोड मेटल’ म्हणतात, हे जान्हवीताईंनी सांगितलं. सपनाने ते टाकलं, जोडीला ‘कुली’. रस्त्यांचे जुने अहवाल धडाधड पुढे आले. दहिसरच्या खाणीबद्दल एकात लिहिलं होतं: ‘स्त्री कुली गैरहजर. काम आठवडाभर बंद.’ पुढच्याच पानावर खाणीवर पाण्याची टाकी बसवल्याची नोंद.

तिने घरी वाचून दाखवलं तशी मालन उसळली. “गैरहजर? खाणीच्या तोंडाशी बसलो हुतो आमी, पोरं मांडीवर घेऊन! प्यायला पानी दिल्याबिगर हातोडी उचलली न्हाई.”

प्रबंध वाचून सर म्हणाले, “कागदात गैरहजर आहे आणि तू संप लिहितेस?”

“सगळ्या एकदम गैरहजर राहिल्या, पाणी मिळाल्यावर एकदम हजर झाल्या. याला काय म्हणायचं, सर?”

“ग्रंथालयाच्या यादीसाठी प्रबंधाला शोधशब्द द्यायचेत, त्यांत तरी ‘गैरहजेरी’ टाक.”

“नाही. ‘महिला खाणकामगार’ आणि ‘संप’. माझ्यासारखी एखादी हेच शब्द टाकेल. तिला काहीतरी सापडू दे.”

सरांनी नाराजीने सही केली. तोंडी परीक्षेत ‘संप’ या शब्दावरून सपनाचे गुण कापले गेले. तिने शब्द बदलला नाही. आता तिने पीएचडीला अर्ज केलाय. या वेळी कांदिवलीच्या खाणी.