किल्ल्यांचा कौल

सर्व भाविकांस, आप्तेष्टांस आणि गल्लीतील चौकस मंडळींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याच्या सकाळी, सोलापुरातल्या आमच्या राहत्या घरी तळमजल्यावर साक्षात देव प्रकट झाले होते. देवांना चार पाय होते, डावा कान फाटका होता आणि दर्शन देताना देव फरशीवर मुतत होते. त्यांचा मुक्काम सुमारे दोन तास होता. तेवढ्यात त्यांनी एक लग्न जमवलं, एका प्लॉटचा व्यवहार मोडला, आणि माझ्या थोरल्या भावाचं जे केलं ते पुढे येईलच.

देव म्हणजे आमच्या दादाची कुत्री. खरं तर वहिनीची. वहिनीनं ती बाजार समितीच्या फाटकापाशी उचलून आणली तेव्हा दादानं आठ दिवस अबोला धरला होता. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, त्याला घरात केसाळ काही चालायचं नाही. मग वहिनी आजारी पडली. शेवटचे तीन महिने तिनं फार सोसलं. शेवटी शेवटी इंजेक्शनही लागू पडेना, तिचं कण्हणं वर माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. ती गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून दादा जे काही बोलायचा ते कुत्रीशी. आधी तिचं दूध, मग स्वतःचा चहा.

आता भांगेबद्दल. शिवरात्रीला भांग घोटायचा मान आमच्या घरात माझा. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, दूध, सगळं मी जातीनं बघतो. मला घोटायला आवडतं, आणि त्याहून जास्त, लोकांना चढलेली बघायला आवडतं. आदल्या वर्षी मेव्हण्याला दोन पेले जास्त पाजले, तर तो दुपारभर आमच्या फ्रीजची माफी मागत बसला होता. फडक्यातून गाळून झाल्यावर जो चोथा उरतो तो शहाणी माणसं फेकून देतात. मी त्यात गूळ आणि सढळ हातानं तूप घालून वाटीभर गोळा मळून ठेवला. पारण्याला येणाऱ्यांपैकी एखाद्याला लाडू म्हणून खिलवायचा बेत होता. कोणाला, ते ठरवायचं होतं. वाटी मागच्या पायरीवर ठेवून वर ताटली झाकली.

सकाळी दहाला बघतो तर ताटली एकीकडे, वाटी एकीकडे, आणि वाटी इतकी चाटूनपुसून लख्ख की घासायची गरज नाही.

म्हणजे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. हे आत्ताच सांगून टाकतो.

मी वाटी धुऊन जागेवर ठेवली आणि पुढच्या खोलीत येऊन बसलो. नाटकाला पहिल्या रांगेत जागा मिळाल्यावर माणूस बसतो तसा. थोड्या वेळानं कुत्री आली. चार पाय चार वेगवेगळ्या गावांना निघालेले. डोळे अर्धे मिटलेले. खोलीच्या मधोमध ती थांबली आणि उभ्या उभ्या पुढे-मागे डुलायला लागली. मान हळूहळू खाली जायची, जमिनीला टेकते असं वाटलं की दचकून वर यायची.

आमची आत्या मंद्रूपहून शिवरात्रीला आलेली. ऐंशीला टेकलेली, सकाळची पूजा आटोपून कपाळभर विभूती लावून पाटावर बसली होती. तिनं कुत्रीकडे बघितलं आणि हातातली जपमाळ थांबवली.

"अगं बाई. अंगात आलंय," ती म्हणाली. मग एवढ्या मोठ्या गोष्टीला मराठी पुरेना म्हणून कानडीत म्हणाली, "देवरु बंदार." देव आलेत.

"कुत्रीच्या अंगात?" माझी बायको म्हणाली.

"मल्लय्याच्या, आपल्या खंडोबाच्या संगं कोण असतंय? मांजर असतंय व्हय?"

आत्यानं उठून कुत्रीच्या कपाळाला विभूती लावली, भंडारा लावला. तेवढ्यात कुत्रीची धार सुटली. पायाखाली ओघळ गेला, तिला पत्ताच नाही. आत्या पदर सावरून म्हणाली, "देवाला न्हाण पायजे," आणि बायकोला तांब्या आणायला पिटाळलं.

दादा आतून आला. एका नजरेत त्यानं सगळं बघितलं आणि खुंटीवरची साखळी काढली.

"हिला बरं न्हाय. मी डॉक्टरकडं नेतो."

"देव आल्याला असताना दाराभायेर काढतोस?" आत्या म्हणाली. "मास्तर असशील शाळेत. ज्या घरातनं देवाला हाकललं, तितं तो पुन्ना येतोय व्हय?"

दादानं माझ्याकडे बघितलं. घरात दोघंच शिकलेले. मी त्याची बाजू घेईन असं त्याला वाटलं. 'अरे, भांग खाल्लीय तिनं,' एवढंच म्हणायचं होतं. पण सांगायला लागलो असतो तर लाडवाचं सांगावं लागलं असतं, आणि मुख्य म्हणजे खेळ संपला असता.

"थांब की दादा जरा," मी म्हणालो. "आत्या म्हणतीय तर बघू."

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दाराशी चपलांचा ढीग झाला. समोरचा टेलर गळ्यात टेप तसाच टाकून आला. कोणी नारळ ठेवला, कोणी कापूर लावला, चारजणांनी मोबाइल वर धरले. आणि तेव्हा एक गोष्ट घडली. मी रुमाल काढायला खिशात हात घातला, तर माझ्या दुकानाच्या शटरच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला. खळ्ळ. कुत्री दचकली. मान झटक्यात खाली गेली आणि वर आली.

"बघितलं?" आत्या म्हणाली. "कौल देतोय."

मी पुन्हा हळूच वाजवला. मान पुन्हा खाली, वर.

काही माणसांना आयुष्यभर रियाज करून जे वाद्य साधत नाही ते मला खिशात सापडलं होतं. मी सरकत सरकत कुत्रीच्या मागे भिंतीला टेकलो, हात खिशात, चेहरा भाविक.

आत्यानं पहिला प्रश्न केला. नातीला आलेलं स्थळ घ्यायचं का? स्थळाचं गाव मोडनिंब. मोडनिंबला माझी काही हरकत नव्हती. खळ्ळ. आत्यानं तिथल्या तिथे आपल्या मुलाला फोन लावून होकार कळवायला सांगितलं.

मग टेलर हात जोडून पुढे आला. प्लॉट बघून ठेवला होता, घेऊ का? दोन वर्षांपूर्वी या माणसानं माझ्या पँटी घोट्याच्या वर शिवल्या होत्या. किल्ल्या गप्प राहिल्या. टेलरनं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. कुत्री नुसती डुलत राहिली. तो टेप ओढत पडल्या चेहऱ्यानं मागे सरकला आणि मी गाल आतून चावून हसू दाबलं.

दादा साखळी हातात घेऊन कोपऱ्यात उभा होता. मध्येच कुत्रीची शेपटी कापराच्या ज्योतीला लागणार होती तर त्यानं पायानं कापूर बाजूला केला, तेवढंच.

"दादा, तू पण इचार की कायतरी," मी म्हणालो. त्याला चिडवायला. गणिताच्या मास्तरला कुत्र्याकडे कौल लावताना बघायचं होतं मला. "मास्तर, इचारा की," दारातून दोघं-तिघं म्हणाले आणि हसले.

दादा हसला नाही. त्यानं साखळी खाली ठेवली. गुडघे धरत तो कुत्रीसमोर बसला आणि तिच्या फाटक्या कानापाशी वाकला. हळू बोलला, पण खोली एकदम गप्प झाली होती, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"ती सुखात हाय का?"

मी किल्ल्या वाजवल्या.

मान खाली गेली. वर आली. दादा तसाच बसून राहिला. मग त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. वहिनी गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. आता गल्लीसमोर, कुत्रीच्या मुतात गुडघे भिजवून, आवाज न करता रडत होता. कोणीतरी त्याचंही शूटिंग केलं.

बायको माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "अहो, भावजींना म्हणावं, डॉक्टरकडं न्या तिला. लक्षण बरं न्हाय."

मी दादाला म्हणालो. त्यानं उठून साखळी पुन्हा खुंटीला अडकवली. "राहू दे," तो म्हणाला. "हाय तोवर राहू दे."

बाराच्या सुमाराला देवाचे मागचे पाय गेले. कुत्री आडवी झाली ती उठेना. आत्यानं हात लावून बघितला. "गेला देव," ती म्हणाली, आणि गल्ली पांगली. देव गेल्यावर मागे उरलेल्या कुत्रीत कोणाला रस नव्हता. आत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तयार होती. पारण्याची पानं मांडली गेली. दादाच्या पानावरची हुग्गी निवली. तो कुत्रीच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत होता.

"गार पडलीय," तो मला म्हणाला. "चल."

चादरीत गुंडाळून तिला रिक्षात घातलं. डोकं दादाच्या मांडीवर, जीभ बाहेर. ऊन असं की रिक्षाचा दांडा धरवत नव्हता, आणि कुत्री गार. आता मात्र माझी मजा संपली होती. ती मेली तर दादाशी बोलायला घरात कोणी उरणार नव्हतं. माझ्याशी तो बोलतच नसे.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती. तिनं पापणी उलटून बघितली, हिरड्या दाबल्या, छातीला नळी लावली.

"काय खाल्लंय हिनं?"

"काही न्हाय," दादा म्हणाला.

"उंदराचं औषध? शेतातलं फवारणीचं? काका, फवारणीचं असेल तर त्यावर इंजेक्शन आहे, पण ते नसताना दिलं तर हिच्या हृदयाला झेपणार नाही. खरं सांगा, मी ओरडणार नाही."

"खरंच काही न्हाय. देव आला होता."

तिनं मान वर केली. दादाच्या खिशातल्या पेनाकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी कॅलेंडरवरची गाय बघत होतो. सांगायचं ते दोन अक्षरांचं होतं. पण भांग म्हटलं की देव गेला, आणि देव गेला की ती मानही गेली. दादाला दीड वर्षात मिळालेली एकच गोष्ट. आणि न सांगावं तर कुत्री.

डॉक्टरिणीनं कपाट उघडून बाटली काढली, सुई लावली. "तुम्ही सांगत नसाल तर मला अंदाजानंच द्यावं लागेल," ती म्हणाली. दादानं कुत्रीचा पाय धरून पुढे केला.

"भांग," मी म्हणालो. "भांगेचा चोथा. वाटीभर. तुपात."

"कधी?"

"सकाळी. दहाच्या आधी."

तिनं सुई खाली ठेवली आणि श्वास सोडला. "मग घाबरू नका. सलाइन लावते, ऊबेत ठेवा, अंधार करा. उद्या संध्याकाळपर्यंत चालायला लागेल. आधी का नाही आणलंत हो? बिचारी घाबरून अर्धी झाली असेल. यांना त्या नशेत आवाज सहन होत नाहीत. साधं काही खुळखुळलं तरी मान झटकतात. हे बघा."

तिनं ट्रेमधला चिमटा कात्रीवर वाजवला. खळ्ळ. टेबलावरची मान खाली गेली आणि वर आली.

दादानं मानेकडे बघितलं. मग चिमट्याकडे. मग माझ्या पँटच्या खिशाकडे, जिथून जुडग्याची कडी बाहेर लोंबत होती. मी ती आत ढकलली, आणि ढकलताना ती वाजली.

कुत्रीनं होकार दिला.

डॉक्टरीण सलाइनची नळी मोकळी करत होती. दादा तिला विचारावं तसा, पण माझ्याकडे बघून, म्हणाला, "मग ती सुखात हाय म्हणून मान कुणी हलवली?"