यादीतून स्वतःचं नाव काढताना

कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, हे मी ठरवत असे. ऐकायला भारी वाटतं, पण काम होतं मेलच्या यादीचं. विजेवरची कुठलीही गाडी कुठल्याही चार्जरवर चार्ज व्हावी म्हणून मानकं ठरवणारा एक गट आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे इंजिनिअर त्यात मेलवरच भांडतात आणि मेलवरच एकमत करतात. त्या मेल कोणाला जाणार, ते माझ्या हातात. नियम साधा. माणूस सभासद कंपनीत असेल तर यादीत, नोकरी सुटली की त्याच दिवशी बाहेर. लोक गयावया करायचे, "मॅडम, एवढा मसुदा पुरा होईपर्यंत तरी राहू द्या ना." मी म्हणायचे, नियम म्हणजे नियम. पाठीमागे मला खडूस म्हणत असणार. म्हणोत बापडे.

मग आमच्याच कंपनीने आमचा विभाग गुंडाळला.

काळाचौकीच्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर तिने लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवलं. त्या दिवसांचं ती आजही बोलत नाही. त्यामुळे "नोकरी गेली" हे शब्द तिच्यापुढे काढायची माझी छातीच होईना. "आता घरूनच काम आहे," एवढं सांगून मोकळी झाले. ते खरं वाटावं असं माझ्याकडे एकच उरलं होतं, ती यादी. सकाळपासून लॅपटॉप टुणटुण वाजायचा, मी टाईप करत बसायचे आणि आई टीव्हीचा आवाज कमी करायची. शेजारीण डोकावली तर तिला दारातूनच परत पाठवायची. "हळू बोल गे, तिचा काम चालू हा."

पण नियमाने माझंही नाव त्याच दिवशी जायला हवं होतं ना! कोणी विचारत नव्हतं. गटाचे अध्यक्ष पुण्याला, त्यांना कसलाच पत्ता नव्हता. मी लॅपटॉप उघडायचे, मिटायचे. चहा ठेवायचे, तो उतू जायचा. घरात मसाला असताना लालबागला मसाला आणायला जायचे आणि वाटेत आठवायचं की अरे, कालच तर आणलाय. जिवाला कुठे स्वस्थता नाही. दादरला राहणारी माझी एक मैत्रीण त्याच गटात आहे. तिला तेवढं सांगितलं होतं. ती म्हणाली, "अगं, कोण बघतंय? गप बस ना."

"कोण बघतंय काय? मी बघतेय ना!" मी तिच्यावर खेकसलेच. बिचारीचा काय दोष होता!

शेवटी एका दुपारी आई खाली भाजी आणायला गेली असताना मी वैतागून यादी उघडली, माझं नाव शोधलं आणि टाकलं काढून. सुटले एकदाची, असं वाटलं.

कसली सुटतेय! यादीची मालकीण मी एकटीच होते. मध्यंतरी दोन कंपन्यांची माणसं तिथे हमरीतुमरीवर आली होती, तेव्हापासून प्रत्येक मेल आधी माझ्याकडे अडायची आणि मी हो म्हटल्यावर पुढे जायची. हे अधिकार दुसऱ्या कोणाकडे देऊन मग बाहेर पडायचं, तर मी बाईसाहेब आधी बाहेर पडले. किल्ली घरात आणि दाराचं लॅच लागलेलं, तशी गत. दुसऱ्यांना काढताना हा विचार कधी करावाच लागला नव्हता.

लॅपटॉप गप्प झाला. आईच्या ते लगेच ध्यानात आलं. "आज वाजना नाय तुझा ता?" मी म्हटलं, नेट गेलंय. दुसऱ्या दिवशीही नेट गेलेलंच.

मग मैत्रिणीचा फोन आला. "अगं, यादीवर सामसूम आहे. मसुद्यावर आक्षेप पाठवायची मुदत उद्या संपतेय आणि कोणाचीच मेल जात नाहीये." लोकांच्या इतक्या दिवसांच्या कामाचं माझ्यापायी वाटोळं व्हायला नको. गटाचा सर्व्हर अध्यक्षांच्या ताब्यात, आता हे कुलूप उघडलं तर तेच उघडणार. मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं आणि त्यांना फोन लावला. खाली कुठल्याशा मंडळाच्या मांडवाचे बांबू उतरवत होते, दणादण आवाज.

"सर, यादी माझ्यामुळे अडकलीय. मी माझं नाव काढलं."

"का काढलंत?"

"मी आता कंपनीत नाहीये."

"हॅलो? काही ऐकू येत नाही हो. का काढलंत?"

"सर, माझी नोकरी गेली!" मी अक्षरशः किंचाळले. नेमके त्याच क्षणी खालचे बांबू थांबले. समोरच्या गॅलरीतल्या बाईने मान वर केली.

वळून बघते तर आई दारात. वाळलेले कपडे काढायला आली होती. मला वाटलं, ही आता मटकन खाली बसणार. मी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"त्या परक्या माणसाक आदी सांगलंस," ती म्हणाली. "आणि माका नाय? मी कोण गो तुझी?"

फोनमध्ये अध्यक्ष "हॅलो, हॅलो" करत होते. "सर, पाच मिनिटांत परत करते," म्हणून मी फोन बंद केला. तिच्याकडे बघायची लाज वाटत होती, तरी बघितलं.