बिनजबड्यांचा चक

परवा आमच्या निपाणीच्या वर्कशॉपमध्ये धातू फिरवून तासायची नवी लेथ आली. नवी म्हणजे आम्हाला नवी... बेळगावात कुणीतरी वापरून सोडलेली. पण आप्पांचा चेहरा घरात सून आल्यासारखा फुललेला.

आप्पा म्हणजे माझे वडील. फवारणी पंपाची पातळ पितळी नळी त्यांना जुन्या लेथवर कधीच नीट धरता आली नाही. नळी पकडून फिरवणारा तीन जबड्यांचा चक आवळला की नळी चेपायची. ती कामं ते वर्षानुवर्षं परत पाठवत आले.

म्हणून ही लेथ. टेम्पो मशीन उतरवून पुढे कोल्हापूरला गेला, संध्याकाळी परत येताना थांबणार होता. तोवर पसंत पडली तर ठेवायची, नाहीतर चढवून द्यायची.

आईने आल्या आल्या पूजा केली. हळदकुंकू, नारळ आणि घरच्या रीतीप्रमाणे मूठभर अक्षता थेट चकच्या तोंडावर. जुन्या लेथलाही दर दसऱ्याला हेच असतं, मशीन सुरू केली की अक्षता उडून जातात.

मग आम्ही बापलेक चकसमोर बसलो... आणि बसूनच राहिलो. याला जबडे नाहीत, चावी घालायला भोक नाही. नुसतं गोल तोंड आणि मागे एक दांडा.

"ह्याला आवळायचं कुठनं गं?" आप्पा सारखे मलाच विचारत होते, जसं काही चक मीच बनवलाय.

शेवटी मी टॉर्च मारला. आत एक पोलादी नळकांडं, त्याला तीन ठिकाणी चिरा. दांडा ओढला की ते मागे सरकून निमुळत्या जागेत जातं आणि चिरा मिटतात... म्हणजे नळी सगळीकडून सारखी धरली जाते. कोलेट म्हणतात ते हेच. मला एवढा आनंद झाला की मी दांडा उगाचच चार-पाच वेळा ओढला.

नळी घातली, मशीन सुरू केली... आणि नळी डुलायला लागली. आप्पांनी स्विच बंद केला, स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "फसलो गं. टेम्पोवाल्याला फोन लाव."

माझं डोकंच सटकलं. आप्पांवर नाही, त्या चकवर. परत द्यायचाच असेल तर आधी उघडून तरी बघते म्हणून मी पुढचं झाकण फिरवून काढलं. नळकांडं अलगद हातात आलं. त्याच्या एका चिरेत तांदळाचा दाणा अडकला होता... कुंकवाने लाल झालेला.

आप्पांनी दाण्याकडे बघितलं, मग आईकडे.

"माझ्याकडं काय बघताय? दर साली टाकते की," आई म्हणाली. आप्पा जे हसत सुटले ते डोळे पुसेपर्यंत.

आणि तेव्हाच ट्यूब पेटली. मशीनबरोबर आलेला जो डबा आप्पांनी भंगार म्हणून बाकाखाली ढकलला होता, त्यात अशीच नळकांडी होती, लहानमोठ्या भोकांची. जेवढी जाड नळी, तेवढ्या मापाचं कोलेट बसवायचं. दाणा अडकला नसता तर आम्ही चक उघडलाच नसता.

दाण्यामुळे ती चीर मिटतच नव्हती, म्हणून नळी डुलत होती. दाणा काढून परत सगळं बसवलं. आता नळी फिरतेय की थांबलीय तेच कळेना. बाहेर काढली तर साधा ओरखडासुद्धा नाही. आप्पा कितीतरी वेळ ती तळहातावर फिरवत होते.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मशीन चढवायची का विचारलं. आप्पा नळी घेऊनच बाहेर गेले. "मशीन ऱ्हाऊ दे हितंच. तू चहा पी आणि ही नळी बघ." बिचाऱ्याला चहा गार होईपर्यंत नळीच बघावी लागली.

तो दाणा आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. आईला मी मिठी मारून थँक्यू म्हटलं, तर म्हणते, पुढच्या दसऱ्याला अक्षता मशीनच्या मोटारीवर टाकीन.

काल सदलग्याहून एकजण पातळ नळीचं काम घेऊन आला... आप्पांनी परत पाठवलं नाही.