भोरड्यांची मोजणी
हुरड्याचा वास आला की मला मेडशीजवळचं ते ज्वारीचं शेत आठवतं. पक्षिगणनेसाठी आम्ही दोघं मित्र मालेगावहून मोटारसायकलवर भल्या सकाळी तिथे पोचलो होतो. पीक राखायला एक काकू माळ्यावर गोफण घेऊन उभ्या होत्या. भोरड्यांचा थवा कणसांवर उतरला की त्यांचा दगड सणसणत यायचा, थवा उडायचा आणि आमची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मित्राने भीतभीतच विचारलं, "काकू, जराशा थांबता काय? आमाले पाखरं मोजाचे हायेत." "मोजून काय करता?" "किती उरले ते पाह्यतो." काकू गोफण मांडीवर घेऊन खाली बसल्या. "मोजा मंग." थवा उतरला. गुलाबी पाठी, काळी डोकी, सगळं शेत कलकलायला लागलं. डोळ्यांदेखत दाणे टिपले जात होते आणि काकू हात न हलवता आमच्या पुटपुटणाऱ्या ओठांकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "झालं काय मोजून? हाकलू आता?" यंदा गेलो तर त्या शेतात हरभरा होता, माळा नव्हता. भोरड्या थोड्याच होत्या, मोजणी लवकर आटोपली. तरी मी बांधावर उगाच थांबून राहिलो, हाकलू का, असं कोणी विचारेल म्हणून.