व्हर्ननची बरणी

व्हर्लिन ओल्थोफ अडतीस वर्षं हॅस्केट गावच्या सहकारी धान्यकोठाराच्या काट्यावर बसला. आयोवातल्या त्या तालुक्यात मका म्हणजे पीकपाणी, गप्पा, भांडण आणि लग्नाची सोयरीक, सगळं एकच. ट्रक काट्यावर आला की व्हर्लिन आधी वजन बघायचा, मग मूठभर मका काढून त्यातला एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट झालं तर माल वाळलेला. नुसतंच दबलं तर ओला, आणि मग ओलाव्याची घट कापली जायची. ओलावा मोजायचं यंत्र नंतर आलं. ते व्हर्लिनच्या दाढेशी जुळतं की नाही हे पाहूनच कोठाराने विकत घेतलं, असं लोक सांगत.

एकदा त्याचा सख्खा मेहुणा ड्वेन ओला मका घेऊन आला. व्हर्लिनने त्याचीही घट कापली, पाव टक्काही न सोडता. त्यानंतर दोन वर्षं ड्वेन सणाच्या जेवणाला आला, टर्की पोटभर जेवला, पण व्हर्लिनशी एक शब्द बोलला नाही. व्हर्लिनला त्याचं काही वाटलं नाही. मेहुणा रुसतो, काट्याला रुसता येत नाही, एवढंच तो म्हणाला.

असा हा खडूस माणूस एकाच ठिकाणी विरघळायचा, आणि ते ठिकाण म्हणजे सिनेटर रॉइस प्रॅथर.

त्र्याण्णवच्या पुरात गावकरी नदीकाठी वाळूची पोती रचत होते, तेव्हा सिनेटरसाहेब कोरे करकरीत गमबूट घालून आले. त्यांनी एक पोतं उचललं, फोटो निघेपर्यंत धरलं आणि व्हर्लिनच्या हातात देत म्हणाले, "थँक यू, व्हर्नन." तो फोटो व्हर्लिनच्या बैठकीत लागला. तेव्हापासून दर नाताळला वॉशिंग्टनहून शुभेच्छापत्र यायचं, 'प्रिय मित्र व्हर्नन' असं छापलेलं. चूक दुरुस्त करायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. व्हर्लिनने ते तीस वर्षांत टाकलं नाही. एवढा मोठा माणूस आपल्याला मित्र म्हणतो, तिथे दोन अक्षरांवरून कुठे अडायचं?

त्याची बायको आर्डिस मात्र सोडायची नाही. "व्हर्नन, कचरा बाहेर ठेव," ती रोज संध्याकाळी म्हणायची. "वॉशिंग्टनहून माणूस येणार नाही त्यासाठी."

यंदा सिनेटर त्र्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि सातव्यांदा उभे राहणार की नाही, यावर अख्ख्या राज्यात खल चालला होता. मागच्या महिन्यात एका पुलाचं उद्घाटन करताना त्यांनी भाषण शाळेचं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पूल तरी झाला होता. आव्हान देणाऱ्यांत दोन नावं होती. एक गुरांची डॉक्टर लोइस ग्रेबर, जिने निम्म्या तालुक्यातल्या गाईंची बाळंतपणं केली होती. दुसरा ट्रेंट मॅडिगन. त्याची भाड्याची गोदामं होती आणि शेतकऱ्यांना भेटायला म्हणून घेतलेल्या बुटांवर अजून दुकानातली चमक होती.

निकाल नोव्हेंबरात लागायचा, पण खरा कौल ऑगस्टच्या जत्रेत कळतो, असं तिथे मानतात. जत्रेच्या मंडपात काचेच्या बरण्या मांडतात. येणाऱ्याने मक्याचा एकेक दाणा घ्यायचा आणि आपल्या पसंतीच्या बरणीत टाकायचा. शेवटच्या दिवशी बरण्यांचं वजन होतं. मोजत बसायला कोणाला वेळ आहे? काट्यावर अर्थातच व्हर्लिन.

यंदा जत्रेच्या समितीने गंमत म्हणून चौथी बरणी ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'दुसरं कुणीही'.

सिनेटरच्या कचेरीचा मुख्य माणूस ब्रेट सावकाश चालत व्हर्लिनपाशी आला. चाळिशीचा, इस्त्रीतला, तीन फोन बाळगणारा. "साहेब बरणीत हरले तर पक्षातलेच त्यांना घरी बसायला सांगतील," तो म्हणाला. "तुम्ही त्यांचे जुने मित्र. तुमच्यावर भार आहे, व्हर्नन."

"भार काट्यावर असतो," व्हर्लिन म्हणाला. पण त्याला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं.

शेवटच्या दिवशी दुपारी मंडप खचाखच भरला. सिनेटर पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसले होते. ट्रेंटची बरणी चार औंस भरली. त्यात त्याचे नातेवाईक धरूनच. डॉक्टरीणबाईंची दोन पौंड. 'दुसरं कुणीही' तीन पौंड, तेव्हा मंडपात खसखस पिकली. मग सिनेटरची बरणी चढली. तीन पौंड दोन औंस.

ब्रेट टाळ्या वाजवत उठला. सिनेटरांनी हात वर केला. "शाबास, व्हर्नन."

व्हर्लिन बरणी खाली उतरवत होता आणि काचेला आतून दव धरलेलं त्याला दिसलं. अडतीस वर्षांची सवय. हात आपोआप आत गेला. दाणे गार होते, बोटांना चिकटत होते. ब्रेटच्या माणसांनी साहेबांच्या चाहत्यांना वेगळ्या पिशवीतून दाणे वाटले होते. ते रात्रभर पाण्यात भिजवलेले होते. काट्यावर वजन होतं, एवढं त्या शहाण्यांना कोणीतरी सांगितलं होतं. काट्यावरचा माणूस दाणा चावून बघतो, ते मात्र सांगितलं नव्हतं.

व्हर्लिनने एक दाणा दाढेखाली धरला. पुढच्या दोन रांगांतले शेतकरी कान देऊन बसले. कट्ट झालं नाही.

तो तसाच उभा राहिला. फोटो आठवला, पत्रं आठवली. सिनेटर त्याच्याकडे बघून हसत होते. इतक्या लोकांत ते फक्त त्याच्याकडे बघत होते. हे असं पुन्हा कधी होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मागून ड्वेनचा आवाज आला. "काय रे भावजी, माझ्या वेळेला तर दात लगेच सांगत होते. आज दुखतायत का?"

व्हर्लिनने यंत्र मागवलं. ओलावा तीस टक्के निघाला; कोठारात पंधरा चालतो. त्याने खिशातली पेन्सिल काढली, बरणीवरच्या चिठ्ठीवर आकडा मांडला आणि माइकवर वाचला. "घट जाऊन दोन पौंड नऊ औंस. पहिला नंबर, दुसरं कुणीही."

"अहो, ही मतं आहेत," ब्रेट ओरडला. "मका नाही."

"बरणीत तर मकाच आहे," व्हर्लिन म्हणाला.

सिनेटरांना कमी ऐकू यायचं. "जिंकलो ना, व्हर्नन?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. आणि माझं नाव व्हर्लिन आहे. व्हर्लिन ओल्थोफ."

ब्रेटने ते लगेच फोनमध्ये टिपून घेतलं.

पुढे काय झालं ते सगळ्या राज्याला माहीत आहे. बरणीतला विजेता शोधायला पेपरवाले महिनाभर गावात फिरले. 'दुसरं कुणीही' म्हणजे कोण, असं त्यांनी ज्याला विचारलं त्याने वेगळंच नाव सांगितलं. ड्वेन म्हणाला, मी माझ्यासाठीच टाकला होता. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर 'दुसरं कुणीही' नव्हतं, त्यामुळे सिनेटर रॉइस प्रॅथर सातव्यांदा आरामात निवडून आले. आभाराचं भाषण त्यांनी पुलाचं केलं. समोर शाळा होती.

त्या नाताळला शुभेच्छापत्र आलं नाही. व्हर्लिन रोज टपालपेटीपर्यंत जायचा आणि बर्फ झटकत परत यायचा. जानेवारीत वॉशिंग्टनचा लिफाफा आला. आत चार ओळी होत्या: आपलं नाव सिनेटरांच्या स्नेह्यांच्या यादीतून कमी करण्यात आलं आहे. वर लिहिलं होतं, श्री. व्हर्लिन ओल्थोफ. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

व्हर्लिनला फार लागलं ते. मित्र होता तोवर तीस वर्षं कोणी नाव नीट विचारलं नाही, आणि वैरी झाल्यावर पहिल्याच पत्रात बरोबर आलं. मग तो उठला, भिंतीवरची चौकट उतरवली, पोत्याचा फोटो काढून ठेवला आणि त्या जागी पत्र बसवलं.

आर्डिसने दारातून ते पाहिलं. हात पुसत ती आत आली.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "कचरा बाहेर ठेव."