ईश्वरच्या गाठी

शांती नगरातल्या कान-नाक-घशाच्या त्या छोट्या दवाखान्यात सरूबाईच्या कपाटाला हात लावायची कोणाची टाप नाही. वरच्या खणात गेल्या मंगळवारपर्यंत एक पुडकं होतं. दर महिन्याला ती ते निर्जंतुक करायच्या यंत्रातून काढायची आणि परत जागच्या जागी ठेवायची. स्वतः वापरायची नाही, कोणाला वापरू द्यायची नाही. नव्या सिस्टर हसायच्या. हसू देत, त्यांना काय ठाऊक.

पुडक्यात कापसाच्या दहा पट्ट्या, बोटाएवढ्या, प्रत्येकीला निळा दोरा. नाकाच्या ऑपरेशनात रक्त सुटलं की डॉक्टरला आतलं काही दिसत नाही. मग अशा पट्ट्या अ‍ॅड्रिनलीनच्या पाण्यात बुडवायच्या, पिळून आत सरकवायच्या आणि पाच मिनिटं थांबायचं. औषधाने शिरा आकसतात, रक्त ओसरतं. दोरा बाहेर लोंबता ठेवायचा, म्हणजे पट्टी आत हरवत नाही. जेवढ्या आत गेल्या तेवढ्या बाहेर आल्या की नाही, हे बघायचं काम वीस वर्षं सरूबाईकडे.

आणि दोरे लावायचं काम तिच्या नवऱ्याकडे. ईश्वर मूळचा गुहागरकडचा, भाईंदरच्या एका गाळ्यात शर्टांना काजं-बटणं करायचा. छातीत कळ येऊन गेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाळा सुटला. घरी बसून माणूस नुसता कावायला लागला, म्हणून सरूबाई पट्ट्या घरी आणू लागली. हा एकेका दोऱ्याला तीन तीन गाठी मारायचा.

"अहो, एक पुरे," ती म्हणायची.

"पट्टी आत राहिली तर नाव कोणाचं जाईल? माझं," हा म्हणायचा. खडूस माणूस, पण त्याची गाठ कधी सुटली नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी सरूबाई ऑपरेशनला उभी असताना घरी ईश्वरचा घोळणा फुटला, नाकातून रक्त येऊ लागलं. त्याने तिला फोन लावला. फोन लॉकरमध्ये, आत न्यायचा नियमच नाही. मग त्याने समोरच्या टोपलीतल्या तीन पट्ट्या उचलल्या आणि नाकात सारल्या, कोरड्याच. इतकी वर्षं ऐकत आला होता ना, सरूच्या पट्टीने रक्त थांबतं म्हणून. शेजारची चंपाबेन बघायला आली तर बाहेर रक्ताचा टिपूस नाही.

"रुक गया. सरू को मत बताना, ऑपरेशन में होगी," असं म्हणून तो मान मागे टाकून आडवा झाला.

कसलं थांबतंय. ते घशावाटे पोटात चाललं होतं. दुपारी भडाभडा उलटी झाली तेव्हा चंपाबेनने रिक्षा बोलावली. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सरूबाई धावत गेली. त्याच्या ओठावर निळे दोरे लोंबत होते. तिने ते मोजले, सवयच तशी. तीन. रक्त थांबवतं ते औषध, पट्टी नुसती हमाल, हे तिने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. औषध लागायचं दवाखान्यात, त्याला घरी कसं दिसणार? टोपलीत दहा पट्ट्या उरल्या होत्या. त्या तिने पुडक्यात बांधल्या.

गेल्या मंगळवारी संजना नावाच्या बाईचं ऑपरेशन होतं, नाकात मांसाचे कोंब वाढलेले. रक्त काही केल्या ऐकेना. एकामागून एक पट्ट्या भिजून बाहेर आल्या, विकतच्या पट्ट्यांचा डबा रिकामा झाला. डॉक्टर रसिकाबाईंनी हात पुढे केला, "पट्टी." सिस्टरकडे काहीच नव्हतं. डॉक्टरांनी मान वर करून सरूबाईकडे पाहिलं. त्यांना पुडकं माहीत होतं.

ईश्वरच्या हातचं घरातसुद्धा आता दुसरं काही उरलं नव्हतं. तरी सरूबाई गेली आणि पुडकं घेऊन आली. सिस्टरने एकेक पट्टी औषधात बुडवून दिली. पाच मिनिटांनी डॉक्टर म्हणाल्या, "आता दिसतंय."

दहा आत गेल्या, दहा बाहेर आल्या. एकही गाठ सुटली नव्हती. रक्ताने भरलेलं काही ठेवता येत नाही, हा नियम तिनेच नव्या पोरींना शिकवलेला. तिने त्या स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं. डोळे वाहत होते, मास्क ओला झाला.

बाहेर संजनाचा नवरा जितेंद्र बाकावर बसला होता. "मावशी, रक्त थांबलं ना?"

"थांबलं," ती त्याच्या शेजारी बसली. "आता ऐका. घरी कधी परत रक्त आलं तर तिला आडवं पाडू नका. पुढे वाकून बसवा, रक्त गिळू देऊ नका आणि लगेच इथे आणा. कापूस कोंबायचा नाही. नुसत्या कापसाने रक्त थांबत नाही, थांबतं ते औषधाने."

जितेंद्रने मान हलवली. "बरं. लक्षात ठेवतो."

"ठेवाच. माझ्या माणसाला हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."